तेरा क्विंटलचा मोबाइल

वस्तूची किंमत रुपयांत सांगण्याची रीत दुकानात असते; आमच्या घरी ती धानात सांगतात. ताईच्या लग्नातले कपाट पाच क्विंटलचे, बाबूजींची मोटारसायकल सतरा क्विंटलची, आणि माझी बी. ए. च्या पहिल्या वर्षाची पुस्तके चुंगडीभर धानाची! त्यामुळे २०२४ च्या जून महिन्यात कुरिअरवाला माझा नवा मोबाइल देऊन गेला, तेव्हा पुढे काय होणार हे मला ठाऊक होते. बाबूजी छपरीत बसून पऱ्ह्यांसाठी बियाणे निवडीत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "केवढ्याले पडला?"

"एकोणतीस हजार नऊशे नव्व्याण्णव."

बाबूजींचा हात सुपात थांबला. त्या वर्षी साधारण धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये जाहीर झाला होता. त्यांचे ओठ क्षणभर हलले आणि हिशेब बाहेर आला, "म्हंजे तेरा क्विंटल. वरते नव्व्याण्णव रुपये." आणि हात पुन्हा सुपात चालू लागला.

ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. तेरा क्विंटल म्हणजे आमच्या अडीच एकरांपैकी जवळजवळ एका एकराचे धान. त्यामागे नांगरणी, चिखलणी, रोवणी, निंदण, कापणी, चुरणे, एवढे सगळे आले. ते सगळे आता माझ्या तळहातावर येऊन बसले होते आणि वजन जेमतेम दोनशे ग्रॅम!

वाचकांच्या मनात आलेला प्रश्न माझ्याही मनात होता. दहा-बारा हजारांत मोबाइल मिळत असताना हा थाट कशाला? दोन वर्षे शिकवण्या घेऊन मी अठरा हजार जमवले होते आणि उरलेले बाबूजींनी उन्हाळी धानाच्या चुकाऱ्यातून दिले होते. जुना मोबाइल दिवसातून चार वेळा आपोआप बंद पडे. स्पर्धा परीक्षेचे वर्ग मोबाइलवरच होते. ही कारणे खरीच. पण खरे कारण वेगळे होते. 'फ्लॅगशिप' हा शब्द मला आवडला होता.

या शब्दाचा अर्थ मी नंतर शोधला. आरमारात ज्या जहाजावर आरमारप्रमुख असे आणि म्हणून ज्याच्यावर त्याचे निशाण फडके, ते फ्लॅगशिप. मोबाइलच्या धंद्यात हा मान प्रत्येक कंपनीच्या सर्वांत भारी मोबाइलला मिळाला. त्याची किंमतही आरमारप्रमुखालाच परवडावी अशी! मग काही कंपन्यांनी एक युक्ती काढली. मोबाइलचा मेंदू म्हणजे त्यातली चिप भारीतली घालायची आणि काटकसर इतरत्र करायची. २ डिसेंबर २०१४ रोजी वनप्लस वन हा मोबाइल भारतात २१,९९९ रुपयांना आला. तो घ्यायला पैसे पुरत नसत, निमंत्रणही लागे! २२ ऑगस्ट २०१८ रोजी पोको एफ-वन आला तो २०,९९९ रुपयांना. त्यात त्या वर्षीची भारीतली चिप, स्नॅपड्रॅगन ८४५, होती. पाठ मात्र काचेची नव्हती, प्लास्टिकची होती. बाबूजींच्या मापाने पहिला सोळा क्विंटलांचा आणि दुसरा बरोबर बारा क्विंटलांचा, कारण २०१८-१९ चा हमीभाव १,७५० होता. थोडक्यात, 'स्वस्तातले फ्लॅगशिप' ही वस्तू गेली दहा वर्षे आमच्या एका एकराच्या आसपासच घुटमळते आहे. माझा मोबाइल याच जातीचा. कंपनीचे नाव मात्र लिहीत नाही. वार्षिकांक काही जाहिरातीचा फलक नव्हे.

पहिले आठ दिवस मी त्याच्या प्रेमात होते, हे कबूल करते. त्याचा पडदा सेकंदाला १२० वेळा चित्र बदलतो. बोट फिरवले की अक्षरे पाण्यावरून सरकावीत तशी सरकतात. दुपारी चार्जिंगला लावून मी जेवायला बसावे आणि हात धुऊन यावे, तो याचेही पोट भरलेले असे! मैत्रिणींनी तो हातात घेऊन पाहिला, आरशात पाहावे तसे त्यात पाहून घेतले आणि "गरम होतो का गं?" हा अनुभवी प्रश्न विचारला. होतो. खेळ खेळत बसले तर चांगलाच होतो. आईने तो कानाला लावून एवढेच विचारले, "यातून दादाचा आवाज साजरा आयकू येईल का?" दादा म्हणजे माझा मामा, सालेकसा तालुक्यातला. जाहिरातीत पडदा, चिप, कॅमेरा या सगळ्यांवर पानभर मजकूर होता. आवाजाबद्दल एक ओळ नव्हती. मोबाइल लावला आणि मामाचा आवाज तुटत तुटतच आला. दोष मोबाइलचा नव्हता. मामाच्या गावात मनोरा दूर आणि मध्ये डोंगर!

नवव्या दिवसापासून उणिवा दिसू लागल्या. कोरे घर म्हणून घेतले आणि आत पाहावे तो भाडेकरू आधीच राहायला आलेले, तशी त्याची गत होती. मी कधी न मागितलेली दहा-पंधरा ॲप त्यात मांडी घालून बसली होती. त्यांतली काही तर काढताही येत नव्हती. उजेडातले फोटो सुरेख येत. पण मंडईच्या रात्री काढलेल्या फोटोत दंडारीतले नाचणारे सगळे धुराचे दिसले. काटकसर कुठे केली ते तिथे कळले. एवढे असूनही मी तक्रार करीत नव्हते. तेरा क्विंटलची वस्तू वाईट आहे, असे बाबूजींसमोर कोण म्हणणार?

या मोबाइलची खरी परीक्षा मी घेतली नाही. ती घेतली भाद्रपदाने.

कुडवा गोंदिया शहराला लागून आहे. एका अंगाला दुकाने, शिकवणी वर्ग आणि नव्या ले-आउटचे खुंट. दुसऱ्या अंगाला अजून धानाच्या बांध्या. त्या बांध्यांचा आणि मोबाइलचा संबंध १५ ऑगस्ट २०२१ पासून जुळला. त्या दिवशी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी शेतात काय पेरले ते तलाठी सातबारावर लिहीत. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहायचे, मोबाइलवर आपले नाव आणि गट क्रमांक निवडायचा, पीक सांगायचे, क्षेत्र भरायचे आणि पिकाचा फोटो काढायचा. मोबाइल उपग्रहाला विचारून जागा नोंदवतो. ही नोंद नसेल तर धान खरेदी केंद्रावर अडते, आणि केंद्रावर अडलेले धान व्यापाऱ्याच्या काट्यावर जाते. तिथे हमीभाव नसतो; व्यापारी सांगेल तो भाव असतो.

योजना वाईट नाही. आपल्या पिकाची नोंद आपण करावी, यात एक स्वाभिमान आहे. पण ती करायला हवा त्या तोडीचा मोबाइल आमच्या गल्लीत मोजक्याच घरी. कुणाच्या मोबाइलमध्ये जागा नाही, कुणाचा पडदा उन्हात काळा पडतो, कुणाचे ॲप फोटो काढताक्षणी बंद होते. बाबूजींची नोंद मी आमच्या बांधीत पाच मिनिटांत केली. ते धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी शेजारचे दोन काका आमच्या छपरीत येऊन बसले, म्हणजे बोलले असावेत.

तेव्हापासून पंधरा दिवस माझी सकाळ दुसऱ्यांच्या बांध्यांत गेली. साडी वर खोचावी तशी सलवार खोचायची, चपला धुऱ्यावर काढायच्या, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा आणि घोटाभर चिखलातून चालू लागायचे. या पंधरा दिवसांत मला त्याचे जे गुणदोष कळले, ते जाहिरातीतल्या कोणत्याच रकान्यात नव्हते. ऊन डोक्यावर असतानाही पडद्यावरची अक्षरे वाचता येत. हा त्याचा सर्वांत मोठा गुण. उपग्रहाकडून जागा तो चटकन शोधे. झाडाखाली मात्र त्यालाही वेळ लागे. सकाळी सातला निघून दुपारी परतले तरी बॅटरी निम्म्याहून अधिक असे. पण बोट ओले असले की तो ओळखच दाखवीत नसे! भाद्रपदात बांधीत उभ्या असलेल्या माणसाचे बोट कोरडे असते का? ज्यांनी तो घडवला त्यांनी वेगाचा विचार केला, उष्णतेचा केला. ओल्या बोटाचा केला नाही. मी ओढणीचे एक टोक कोरडे राखायला शिकले.

आणि जी चिप पाहून मी भुलले होते, तिचे काय? खरे सांगायचे तर पीक पाहणीला तिच्या निम्मा वेगही पुरला असता. ॲप मध्येच बंद पडत नसे, हे मात्र तिचे आणि भरपूर मेमरीचे उपकार. आरमारप्रमुखाचे जहाज आम्ही बोडीत घातले होते. पण तरले!

मुदतीचे चार-पाच दिवस उरले असताना मामाचा फोन आला. त्याच्या तीन गटांची नोंद राहिली होती. आदल्या वर्षी अशीच राहिली आणि धान व्यापाऱ्याला द्यावे लागले होते. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी लोकल धरली.

मामाच्या बांध्या जंगलाच्या कडेला आहेत. पहिल्या गटात काम झाले. दुसऱ्यात मोबाइलने सांगितले की तुम्ही गटापासून दूर आहात. मामा म्हणाला, "दूर कसा? बापाच्या जमान्यापासून हाच धुरा आहे!" आम्ही त्या धुऱ्यावरून मागे-पुढे चालत राहिलो, आणि कडेच्या मोहाच्या झाडापलीकडे गेल्यावर मोबाइलचे समाधान झाले. कागदाचा धुरा आणि मातीचा धुरा यांत तेवढे अंतर होते. तिसऱ्या गटाचे फोटो काढता काढता पाऊस आला. नेटवर्क कुठेच नव्हते, त्यामुळे तिन्ही नोंदी मोबाइलच्या पोटातच राहिल्या. मामा मला सालेकशाला पोचवायला आला तो वाटभर गप्प होता. माझ्या पिशवीकडे मात्र पुन्हा पुन्हा पाही; जणू त्यात त्याचे वर्षभराचे धान होते. एका अर्थी होतेच.

सालेकशाच्या फलाटावर दोन काड्या उमटल्या. मी माहिती पाठवली. एक गेली, दुसरी गेली, तिसरी फिरत राहिली. गाडी यायची वेळ झाली. मामा विचारीत नव्हता. शेवटी तीही गेली, तेव्हा मी म्हणाले, "झालं, मामा." त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसले आणि म्हणाला, "चाय पिऊन जा." गाडी समोर दिसत होती, तरी तो दोन कप घेऊन धावत आला.

त्या दिवशी परतताना मला मोबाइलचा अभिमान वाटला, तो पहिल्या आठ दिवसांतला नव्हता. मनात म्हटले, तेरा क्विंटल फिटले. ही गोष्ट इथेच संपली असती तर सोयीचे झाले असते. पण दोनच दिवसांनी आमच्या गल्लीतली मावशी आली.

मावशी चार वर्षांपासून दोन एकर ठेक्याने करते. मालक नागपूरला असतात. तिने पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि सातबाराची घडी काढली. आम्ही बांधीत गेलो. रोवणी तिने स्वतः केलेली, धान हिरवेगार, धुरे नुकतेच साफ केलेले. मी ॲप उघडले, गट क्रमांक निवडला. खातेदारांची यादी आली. त्यात मावशीचे नाव नव्हते. ते नसणारच होते. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातात जमीन कोणाची ते लिहितात, बारात पीक कोणते ते. मावशीचे सगळे आयुष्य बारात आहे. सातात ती कुठेच नाही.

"काहून वं, नाव नाही दिसत का?" तिने विचारले. "तुया मोबाइल त महागाचा आहे म्हनत होते."

मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. हमीभावाचा चुकारा ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या खात्यात जातो. बोनसही तसाच. २०२३-२४ च्या हंगामासाठी राज्य सरकारने धानाला हेक्टरी २० हजार रुपये बोनस दिला तो दोन हेक्टरांपर्यंत, जमिनीच्या हिशेबाने. तो शेवटी चिखलात उतरणाऱ्याच्या हाती किती पडतो, हे मालकाच्या शब्दावर. मावशीचे मालक शब्दाचे पक्के असतील, मला ठाऊक नाही. पण चार वर्षांचा घाम एका माणसाच्या शब्दावर टांगलेला आहे, एवढे मला त्या बांधीत उभे राहून कळले. माझ्या हातातला मोबाइल सेकंदाला १२० वेळा चित्र बदलत होता. यादीतले नाव एकदाही बदलत नव्हते.

मी नागपूरला फोन लावला. मालक सौजन्याने बोलले. त्यांच्या मोबाइलवर आलेला चार आकडी संकेतांक त्यांनी सांगितला. नोंद त्यांच्या नावाने झाली. फोटो काढताना मावशी बाजूला सरकली. धानाचा फोटो हवा, आपण मध्ये कशाला, असे तिला वाटले असावे. तरीही कोपऱ्यात तिचा हात आलाच. धानाची एक ओंबळलेली काडी सरळ करणारा, चिखल सुकून पांढरा झालेला हात. तो फोटो तसाच गेला. सरकारच्या दप्तरात मावशीची नोंद असेल, तर एवढीच.

घरी येऊन मी हे बाबूजींना सांगितले. मला वाटले, ते क्विंटलात काही तरी बोलतील. ते म्हणाले, "मोबाइल का करंन बाई? जे कागदावर आहे तेच त तो दाखवंन."

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. हा मोबाइल घेताना मला वाटत होते की भारी वस्तू आपल्याला पुढे नेते. ती नेते; पण ज्याचे नाव यादीत आहे त्यालाच. बाबूजींचे काम त्याने पाच मिनिटांत केले, मामाचे एका दिवसात, आणि मावशीचे चार वर्षांतही केले नसते. त्याच्या वेगाने दरी भरली नाही. कोण कुठल्या काठावर उभे आहे, ते मात्र मला लवकर दिसले. दिसले हेही कमी नाही, असे मी स्वतःला समजावते. राज्यशास्त्राच्या तासाला 'भूधारणा' हा शब्द मी पाठ केला होता. त्याचा अर्थ भाद्रपदातल्या एका सकाळी बांधीत कळला.

मोबाइलबद्दल शेवटचा अभिप्राय द्यायचा तर असा : पडदा उत्तम, बॅटरी टिकाऊ, रात्रीचे फोटो बेताचे, आतले भाडेकरू त्रासदायक, ओल्या बोटाशी वैर. वेग गरजेपेक्षा जास्त. दहा हजार कमी देऊनही यातली बरीच कामे झाली असती, हे आता मला पटते. तरी विकत घेतल्याचा पश्चात्ताप होत नाही. कारण तो आता माझ्या एकटीचा उरलेला नाही. खरिपात सकाळी सातनंतर तो गल्लीचा असतो. बाबूजींनीही क्विंटलची भाषा सोडून दिली. परवा कुणी तरी त्यांना विचारले, "पोरीचा मोबाइल कितीचा?" तर म्हणाले, "माहीत नाही गा, तिनंच घेतला." बारा हजार आपण दिले होते, हे ते सोयीस्करपणे विसरले!

२०२५ चा खरीप आला. हमीभाव २,३६९ झाला. म्हणजे मोबाइल तेरा क्विंटलांच्या खाली आला. मावशी पुन्हा आली. प्लास्टिकच्या कागदात आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि सातबारा होता. त्यात आणखी एक गोष्ट होती. आदल्या वर्षी बांधीतून परतताना मी तिचा एक फोटो काढला होता, धानात कमरेवर हात ठेवून उभी असलेली ती. गोंदियाला स्टुडिओत तो कागदावर काढून मी तिला दिला होता. तिने तो भिंतीला लावला असेल असे मला वाटत होते. तो तिने सातबाराच्या घडीत ठेवला होता.

आम्ही बांधीत गेलो. यादीत तिचे नाव नव्हते. या वेळी मी आधी तिचा फोटो काढला आणि मग धानाचा.

(बी. ए. तृतीय वर्ष)